ती बाव विनावापर नाहीये, साहेब

ज्या साहेबांच्या सहीने आमच्या बावीवर, म्हणजे विहिरीवर, नोटीस लागलीये त्यांना, आणि वांद्र्यात राहणाऱ्या किंवा इथून निघून गेलेल्या सगळ्यांना,

नमस्कार.

तुमचं नाव किंवा खातं मी इथे मुद्दाम लिहीत नाहीये आणि गल्लीचं नावही नाही. पत्ता तुमच्याकडे आहे, अर्जासोबत दोनदा दिलाय. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय कारण ते दोन अर्ज दिले त्याची पोचसुद्धा मिळाली नाही, आणि आमच्या गावठाणातली निम्मी माणसं अशी आहेत की ज्यांना ती नोटीस वाचताच आली नाही.

गेल्या महिन्यात विजेच्या खांबावर एक कागद चिकटवला होता. त्यात लिहिलंय की सदर विनावापर विहीर डासोत्पत्तीस पोषक असल्याने ती भरणी करून त्या जागी दुचाकी वाहनतळ व सुशोभीकरण प्रस्तावित आहे, हरकती असल्यास सात दिवसांत कळवाव्यात. मी तो कागद तीन वेळा वाचला. डासांचं कळलं, पार्किंगचंही कळलं, पण तो विनावापर शब्द काही माझ्या घशाखाली उतरेना. तीन रात्री झोप नाही म्हणून शेवटी फोनवर टाइप करायला बसले. लांबलंय, पण पूर्ण वाचा ही विनंती.

आधी मी कोण ते सांगते. माझा जन्म १९६१ चा, वांद्र्यातल्या गावठाणातल्या एका लाकडी जिन्याच्या घरात, तळमजल्याच्या मागच्या खोलीत. घर आमचं नव्हतं, एका ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिश्चन कुटुंबाचं होतं, आम्ही भाडेकरू. बाबा रेल्वेच्या यार्डात होते. आणि आई कांडप करायची. म्हणजे एप्रिल-मे लागला की घरोघरी जाऊन बॉटल मसाला कांडायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हा ईस्ट इंडियन लोकांचा वर्षभराचा मसाला, वीस-पंचवीस जिनसा तरी असतात, मिरच्या उन्हात वाळवायच्या, एकेक वेगवेगळं भाजायचं, मग लाकडी उखळात दोन-तीन बायका समोरासमोर उभ्या राहून लांब मुसळांनी पाळीपाळीने कांडणार, एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली, ताल चुकला तर हात गेला. मग चाळून तो मसाला बियरच्या काळपट बाटल्यांमध्ये दाबून भरायचा, म्हणून बॉटल मसाला. मे महिन्यात आमच्या गल्लीत शिंकल्याशिवाय कोणी चालू शकायचं नाही.

संध्याकाळी आईचे हात पेटलेले असायचे. आधी गोडं तेल चोळायची आणि मग बावीवर जाऊन पोहऱ्यांवर पोहरे ओतून घ्यायची. मी ओट्यावर बसून बघायची. लहानपणीची ती बाव मला अशी आठवते, की आईचे लाल हात आणि वरून पडणारं पाणी.

आता जे लिहितेय ते आईने मला फार उशिरा सांगितलं. आई महाडकडच्या गावची. आम्ही बौद्ध, आधीचे महार. महाडचं चवदार तळं सगळ्यांना माहीत आहे, २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथलं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच्याआधी १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात बोलेंचा ठराव पास झाला होता की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले, महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला होता, आणि नंतर कोर्टात खटला चालून १९३७ ला हायकोर्टाचा निकालही आपल्या बाजूने लागला. म्हणजे कागदावर सगळं खुलं झालं होतं. आई त्या निकालानंतर वर्षभराने जन्मली, आणि तिच्या गावात ती लग्न होईपर्यंत विहिरीच्या खालच्या अंगाला कळशी ठेवून उभी राहायची, वरून कोणाला दया आली तर तो ओतणार. कधी तासभर. कधी नुसतीच परत यायची.

१९५८ ला लग्न होऊन ती वांद्र्याला आली. पहिल्या दिवशी कळशी घेऊन बावीवर गेली आणि सवयीने बाजूला उभी राहिली. कोणी काही बोललं नव्हतं, ती आपली आपणच उभी. मालकीण आंटी कपडे धूत होती. तिने बघितलं, वाट बघितली, मग म्हणाली, अगो पोरी, उभी कला ऱ्हायलीस, दोर हाय, पोहरा हाय, घे ना पानी. आई सांगायची की तिने दोर हातात घेतला तेव्हा तिला कप्पीचा आवाज एवढा मोठा वाटला की सगळं गाव बघायला येईल. कोणी आलं नाही. आंटी परत कपडे धुवायला लागली.

एवढंच झालं. पण आई २०११ ला गेली तोपर्यंत तिने त्या बावीवरून जाताना कठड्याला हात लावल्याशिवाय पाऊल पुढे टाकलं नाही.

मी काही गोड गोष्ट सांगत नाहीये. गावठाणात सगळे एकमेकांना सारखे मानायचे असं मी लिहिणार नाही कारण ते खोटं होईल. दोन घरं अशी होती जिथे आईला मसाला कांडायला बोलवायचे पण चहा वेगळ्या कपात. पाण्याच्या पाळीवरून बायकांची झिंज्या धरेपर्यंत भांडणं झाली आहेत. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ च्या दंगलीत वांद्र्यात काय झालं ते आम्ही बघितलंय, तेव्हा महिना-दीड महिना संध्याकाळी ओट्यावर कोणी बसलं नाही, नौपाड्याच्या मुसलमान खाला ज्या रोज माझ्या आईशी बोलायला यायच्या त्या आल्या नाहीत, आणि आईही गेली नाही तिकडे. मार्चात कधीतरी त्या आल्या, कळशी बाजूला ठेवली, दोघी बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग खालांनी विचारलं यंदा मसाल्याला मिरची कुठून आणतेस. तिथून परत सुरू झालं. बोलणं सुरू करायला ती जागा होती म्हणून झालं. दुसरीकडे कुठे भेटल्या असत्या दोघी? कोणी चर्चला जातं, कोणी मशिदीत, कोणी विहारात, सोसायटीची मीटिंग तेव्हा नव्हती. पाणी भरायला मात्र सगळ्यांनाच यावं लागायचं.

तुमच्या कागदावर विनावापर लिहिलंय ना, तर वापर काय होता आणि आहे ते सांगते.

ईस्ट इंडियन लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी असतं. नवऱ्याकडची किंवा नवरीकडची बायामाणसं लुगडी नेसून, डोक्यावर कळश्या, पुढे बँड, असं सगळं वाजतगाजत बावीवर येतं, तिथून पाणी काढायचं आणि त्या पाण्याने नवऱ्यामुलाची किंवा नवरीची आंघोळ. नळाच्या पाण्याने ते होत नाही. माझ्या माहितीत आमच्या बावीवर शेवटचं उंबराचं पाणी अडीच वर्षांपूर्वी झालंय, आमच्याकडे व्हिडिओ आहे, हवा तर पाठवते. भाद्रपदात गल्लीतल्या कोकणातल्या बायका तेरड्याची गौर आणायच्या ती पाणवठ्यावरूनच, म्हणजे याच बावीवरून. मोहरमला कोपऱ्यावर सबील लागायची तेव्हा सरबताची पिंपं धुवायला पाणी इथलं. १४ एप्रिलला आमची मिरवणूक निघायच्या आधी रस्त्यावर सडा पडायचा तो इथल्या पाण्याचा, आणि तो ऐन कांडपाचा हंगाम, आई सकाळी सडा टाकून दुपारी उखळावर. सप्टेंबरात मोतमावलीची, म्हणजे माउंट मेरीची, जत्रा लागली की वसई-विरारकडून, कोळीवाड्यांतून माणसं यायची, बरीचशी अनवाणी, डोंगर चढायच्या आधी ओट्यावर टेकायची, पाय धुवायची. त्यात कोण ख्रिश्चन कोण हिंदू कोण पारशी ते मेणबत्ती हातात असताना कळत नाही. चिंबईची कोळीण मावशी मासे विकून झाले की टोपली इथे खळखळून धुवायची आणि रोज त्यावरून भांडण व्हायचं, तेही सांगते.

हे झालं जुनं, असं तुम्ही म्हणाल. मग २६ जुलै २००५ घ्या. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आमच्याकडे लाइट नाही, पंप नाही, नळाला थेंब नाही, घरात गुडघाभर चिखल. प्यायला नाही वापरलं पण घरं धुवायला, संडासाला, सगळं पाणी या बावीचं, दोर लावून, शेजारच्या नवीन टॉवरमधली माणसंसुद्धा बादल्या घेऊन रांगेत होती आणि कोणी त्यांना विचारलं नाही की तुम्ही कुठले. २००९ ला पाऊस कमी पडला, पाणीकपात झाली तेव्हा परत तेच.

आणि आता मुख्य मुद्दा. दोन वर्षांपूर्वी डास निर्मूलनाच्या नावाखाली काही माणसं आली, बावीवर लोखंडी पत्रा टाकला, कडी घातली आणि कुलूप लावलं. आम्ही विचारलं चावी कोणाकडे, तर म्हणाले ऑफिसात मिळेल. ऑफिसात गेलो तर म्हणाले काँट्रॅक्टरकडे. काँट्रॅक्टर बदलला होता. दोन वर्षं आम्ही चावी मागतोय. आता तुमचा माणूस येऊन कुलूपबंद बावीचा फोटो काढतो आणि कागदावर लिहितो विनावापर. साहेब, कुलूप लावलं कोणी? वापर बंद केला कोणी? ज्याने बंद केला त्यानेच बंद आहे म्हणून बुजवायची हे मला कसंही फिरवून बघितलं तरी पटत नाही.

डासांबद्दल. मी ते हलक्यात घेत नाहीये. मला स्वतःला दोनदा मलेरिया झालाय, आमच्या गल्लीत डेंग्यूने एक तरुण मुलगा गेलाय. विहिरीत मलेरियाचे डास होतात हे खरं आहे, मुंबईत हे १९११ लाच बेंटली नावाच्या डॉक्टरांनी रिपोर्टात लिहिलं होतं आणि त्यानंतर शहरातल्या कितीतरी विहिरी बंद झाल्या. पण तेव्हाही हिंदू आणि पारशी लोकांनी अर्ज केले की आमच्या धर्मकार्याला विहिरीचं पाणी लागतं, आणि मग बारीक जाळी लावून, वर छोटं दार ठेवून काही विहिरी राहू दिल्या. इंग्रजांच्या राज्यात शंभर वर्षांपूर्वी जे जमलं ते आता का जमू नये? गप्पी मासे सोडायची पद्धत तर तुमच्याच मलेरिया खात्याची आहे, लहानपणी ते मासे घेऊन येणारा माणूस आला की आम्ही पोरं त्याच्या मागे. आणि डेंग्यूचा डास विहिरीपेक्षा कुंडीखालच्या ताटलीत, उघड्या पिंपात, गच्चीवरच्या ताडपत्रीत जास्त होतो हे तुमचेच लोक दर पावसाळ्यात घरोघरी येऊन सांगतात. बाव बुजवून डास जाणार नाहीत. जाळी, मासे आणि महिन्यातून एकदा कोणीतरी येऊन बघणं, एवढं करा.

पाण्याचं अजून एक. २००२ पासून मुंबईत मोठ्या प्लॉटवर बांधायचं तर पावसाचं पाणी जमिनीत मुरवायची सोय सक्तीची आहे. त्यासाठी बिल्डर खड्डे खणतात, त्याचे फोटो लावून परवानगी घेतात. आणि इथे शे-दीडशे वर्षं जमिनीचं पाणी धरून ठेवलेली बाव तुम्ही डेब्रिज टाकून भरणार. सुप्रीम कोर्टाने २००१ च्या हिंचलाल तिवारी केसमध्ये तळी, डोंगर, जंगलं ही सगळ्या समाजाची ठेव आहे, ती जपली पाहिजेत असं सांगितलंय. ती केस तळ्याची होती, विहिरीची नाही, हे मला माहीत आहे. मी वकील नाही. पण वाचल्यावर मला आमची बावच डोळ्यासमोर आली.

पार्किंग म्हणजे पे अँड पार्क, हे तुमच्या माणसाने तोंडी सांगितलं. यावर मला माहीमच्या कॉजवेची गोष्ट आठवते. आधी माहीमहून वांद्र्याला यायचं तर होडीने, पावसाळ्यात होड्या उलटायच्या, माणसं मरायची. सरकार पैसे घालेना. मग अवाबाई जमशेटजी जीजीभाई या बाईने १,५७,००० रुपये दिले, त्या काळातले, आणि सांगतात की अट एकच घातली, या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. १८४५ ला कॉजवे सुरू झाला. मग १८६७ ला लोकल आली आणि वांद्रं भरायला लागलं. गोव्याचे आले, मंगळूरचे आले, पारशी आले, बोहरी-खोजे, गुजराती, घाटावरचे, कोकणातले, आणि फाळणीनंतर सिंधी. आमच्यासारखेही त्यातलेच. तर ज्या गावाकडे यायचा रस्ताच एका पारशी बाईने फुकट खुला करून दिला, त्या गावातल्या फुकट पाण्याच्या जागेवर तासाला पैसे लावणार? मला वाईट वाटतं एवढंच लिहिते.

आता सुशोभीकरणाचं. तुमच्या ड्रॉइंगमध्ये एक बोर्ड दाखवलाय, त्यावर मजकूर आहे की हे पोर्तुगीजकालीन गाव. अर्धवट आहे ते. पोर्तुगीजांना १५३४ ला वसई आणि ही बेटं मिळाली, सेंट अँड्र्यूज चर्च १५७५ चं, बँडस्टँडचा किल्ला १६४० चा, हे बरोबर. पण त्यांच्याआधी इथे कोळी, आगरी, भंडारी, शेती करणारे कुणबी होतेच ना, पोर्तुगीज आले आणि गावातल्याच माणसांचा धर्म बदलला, माणसं बदलली नाहीत. म्हणूनच ईस्ट इंडियन घरात आजही बोलतात ती मराठीच आहे, त्यांची स्वतःची मराठी. आपल्याकडे कितीतरी मराठी लोकांना वाटतं की हे गोव्याचे किंवा पूर्वेकडून कुठूनतरी आलेले, कारण नाव ईस्ट इंडियन. ते नाव त्यांनी १८८७ मध्ये घेतलं, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, नोकरीसाठी येणाऱ्या गोव्याच्या लोकांपेक्षा आपण वेगळे, इथलेच, हे सांगायला. इथल्यापेक्षा इथले आहेत ते. ऑक्टोबरात आगेरा करतात, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात, आता भातखाचर एकही उरलं नाही तरी. बोर्डावर भात हा शब्द नाही.

१७३९ ला चिमाजी आप्पांनी वसई घेतली, साष्टी, म्हणजे वांद्रं ज्यात येतं ते बेट, मराठ्यांकडे आली, त्याच्या आगेमागे डोंगरावरचं मोतमावलीचं देऊळ पडलं, मग १७६० ला परत बांधलं, १७७४ ला इंग्रजांनी साष्टी घेतली. आताचं जे चर्च दिसतं ते १९०४ चं, आणि त्याचा आर्किटेक्ट शापूरजी चंदाभॉय, पारशी. बोर्डावर पारशी नाहीत. स्टेशनजवळचा तलाव नौपाड्याच्या एका कोकणी मुसलमानाने बांधला असं सांगतात, बोर्डावर कोकणी मुसलमान नाहीत. १८९६ ला प्लेग आला तेव्हापासून गल्लीगल्लीत क्रूस उभे राहिले, आमच्या बावीजवळचा क्रूसही त्यातलाच आणि गल्लीतल्या हिंदू बायकाही जाता-येता त्याला हात जोडतात, बोर्डावर प्लेग नाही. कांडपवाल्या कुठून असणार. मला कोणाला मोठं करून कोणाला लहान करायचं नाहीये, पण बोर्ड लावायचाच असेल तर गावातल्या चार म्हाताऱ्या माणसांना विचारून लावा, नाहीतर कोरा ठेवा तो बरा.

अजून एक राहिलं. नोटीस फक्त सरकारी मराठीत. आमच्या गल्लीत ज्यांचं वय ऐंशीच्या वर आहे अशा तीन आंट्या आहेत, त्या मराठी माझ्यापेक्षा चांगली बोलतात, पण शाळा कॉन्व्हेंटची, वाचता येतं फक्त इंग्रजी. खालांच्या सुनेला उर्दू आणि हिंदी येतं. आणि सदर, भरणी, प्रस्तावित हे तर मलाही दोनदा वाचावं लागलं. त्यात पावसाने कागदाचा खालचा भाग गेला, जिथे हरकतीची तारीख होती. मी दारोदार जाऊन वाचून दाखवली. एका आंटीने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, बाव म्हंजे आपली बाव? मी हो म्हटलं. तिने परत विचारलं. मी परत हो म्हटलं. तिचं लग्न १९६६ चं, उंबराचं पाणी याच बावीवरचं.

तर आमच्या मागण्या लिहिते, साध्या आहेत.

बाव बुजवायचा निर्णय मागे घ्या आणि तसं लेखी द्या. तोंडी आश्वासन नको, तोंडी आम्हाला दोन वर्षांत भरपूर मिळालंय.

कागदावरचा विनावापर शब्द काढा. रेकॉर्डमध्ये सार्वजनिक विहीर, वापरात, असं लिहा. हा एवढा एक शब्द बदलायला पैसे लागत नाहीत.

पत्रा काढून त्या जागी मजबूत जाळी बसवा, लहान मूल पडणार नाही अशी, आणि पोहरा जाईल एवढं दार ठेवा. गप्पी मासे सोडा. पाणी तपासून ते कशाला चालेल कशाला नाही याची पाटी लावा. जाळीचा खर्च जड होत असेल तर सांगा, गल्लीतल्या ४३ घरांनी वर्गणी काढायची तयारी दाखवलीये, माझ्याकडे सह्या आहेत. त्यात तीन टॉवरवाले पण आहेत.

गाळ काढा. आमच्या आठवणीत शेवटचा गाळ ९८ ला निघाला.

सुनावणी घ्या, ऑफिसात नाही तर इथे ओट्यावर, रविवारी, चर्च सुटल्यावर, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना येता येईल. कागद मराठी, इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत द्या.

आणि टू-व्हीलरवाल्यांसाठी जागा हवीच आहे, ते मी नाकारत नाही, माझा मुलगाही रोज अर्धा तास गाडी लावायला फिरतो. पण बाव आणि ओटा मिळून जेवढी जागा आहे त्यात फार तर नऊ-दहा गाड्या बसतील. त्यासाठी शेजारच्या बंद पडलेल्या शेडची जागा आम्ही अर्जात सुचवली आहे, ती बघायला कोणीतरी या.

आम्ही दगड मारणार नाही, रस्ता अडवणार नाही. डंपर आला तर ओट्यावर येऊन बसू. सगळ्यात पुढे त्या तीन आंट्या बसणार आहेत, त्यांनी मला तसं सांगून ठेवलंय आणि मी त्यांना घरी बसा म्हणून सांगू शकत नाही.

शेवटचं एक काम तातडीचं आहे. येत्या २ मेला आमच्या गल्लीत लग्न आहे, मालकीण आंटीच्या पणतूचं. मुलगी मंगळूरकडची आहे, तिला उंबराचं पाणी काय ते माहीत नाही, व्हिडिओ बघून ती खूश आहे. १ मेला संध्याकाळी साडेपाचला बँड निघेल. पहिली कळशी मी भरावी असं त्या घरातल्यांनी सांगितलंय, आईच्या नावाने. तोपर्यंत तुमचा निर्णय झाला नसला तरी चालेल, पण त्या कुलपाची चावी कोणाकडे आहे तेवढं कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि दुसऱ्या दिवशी परत आणून देईन.

आपली,
गावठाणातली एक रहिवासी, कांडपवालीची मुलगी
वांद्रे, मुंबई